रेणू चिकटतो, पण किती व्होल्टला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या प्लेटिंग शॉपमध्ये निकेलचा मुलामा चढवायच्या द्रावणात, म्हणजे बाथमध्ये, सॅकरीन आणि ब्राइटनर (चमक आणणारी रसायने) घालतात. त्यांचे रेणू कॅथोडला (मुलामा चढणाऱ्या वस्तूला) चिकटतात, म्हणून थर चकचकीत बसतो. कोणता रेणू किती घट्ट चिकटेल हे एम.एस्सी.चे विद्यार्थी आता संगणकावर काढू पाहतात. उपक्रम चांगला आहे, पण बऱ्याच प्रकल्पांत एकटा रेणू घेऊन त्याचे होमो-लुमो अंतर (रेणूतल्या सर्वांत वरच्या भरलेल्या आणि सर्वांत खालच्या रिकाम्या इलेक्ट्रॉन-पातळीतले अंतर) काढतात आणि त्यावरच निकाल देतात. त्यात धातू नाही, पाणी नाही, व्होल्टेज तर नाहीच.

निदान संगणकात निकेलचा १११ पृष्ठभाग (स्फटिकाचा अणूंनी सर्वांत दाट भरलेला पृष्ठभाग) घ्यावा: ३×३ चा, चार थरांचा, ३६ अणूंचा. खालचे दोन थर जागच्या जागी धरावेत, वर १५ अँगस्ट्रॉम मोकळी जागा ठेवावी. निकेल चुंबकीय असल्याने गणितात इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा चुंबकीय गुण) चालू ठेवायलाच हवा. व्हॅन डर वाल्स दुरुस्ती (रेणू व धातूमधल्या क्षीण आकर्षणाची भर) विसरली, तर बेंझिन-वलयाचे सपाट रेणू असतात त्यापेक्षा सैल चिकटलेले दिसतात. शिवाय रेणू बसण्याआधी तिथले पाणी हटावे लागते. ती ऊर्जाही हिशेबात धरावी.

खरी गडबड व्होल्टेजची होते. कोऱ्या निकेलमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे ५.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात, त्या प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडची पातळी याच मापात ४.४४ धरली जाते. या दोहोंतला फरक म्हणजेच व्होल्टेज; म्हणजे निर्वातातले गणित नकळत +०.८ व्होल्टला झालेले असते! बाथमध्ये मात्र निकेल बसते −०.२५ व्होल्टच्याही खाली. पाण्याचा थर घातला की अंतर कमी होते, पण मिटत नाही. मग गणितातल्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन वाढवावे लागतात, तेही बेताने. दुहेरी थराची (धातूवरचा भार आणि त्यासमोर द्रावणात जमणारे आयन यांची) धारिता चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोफॅरड धरली, तर एवढ्याशा पृष्ठभागावर एक अख्खा इलेक्ट्रॉन टाकताच व्होल्टेज दीड व्होल्टहून जास्त सरकते. म्हणून इलेक्ट्रॉनचे अंश वापरून पातळी हव्या त्या व्होल्टवर आणावी, आणि रेणूसह व रेणूविना, दोन्ही गणिते त्याच व्होल्टवर करावीत. बहुतेक चूक नेमकी इथे होते: दोन्हीकडे भार सारखा ठेवतात आणि व्होल्टेज बदलून जाते.

फरक किती पडतो? ०.३ व्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम विद्युत क्षेत्रात ०.२ इलेक्ट्रॉन-अँगस्ट्रॉम द्विध्रुवाची (रेणूतल्या धन-ऋण भारांच्या जोडीची) ऊर्जा ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने हलते. खोलीच्या तापमानाला एवढ्याने चिकटण्याचा समतोल स्थिरांक दहापट बदलतो.

पडताळणी प्लेटिंगवाल्यांकडेच आहे. २६७ मिलीच्या हल सेलमध्ये (बाथ तपासायच्या तिरक्या भिंतीच्या छोट्या टाकीत) धातूची पट्टी २ अँपिअरवर ५ ते १० मिनिटे ठेवली, की जास्त करंटच्या टोकापासून कमी करंटच्या टोकापर्यंत वेगवेगळी व्होल्टेज एकाच पट्टीवर दिसतात. महाविद्यालयांनी निदान तीन व्होल्टेजवर गणित करावे, शॉपमधून अशी पट्टी मागून घ्यावी आणि प्रकल्प अहवालात आकड्यांशेजारी तिचा फोटो लावावा.

– एक वाचक, नाशिक