बाबा, गाडीचं प्लॅस्टिक थोडं कापावं लागणार आहे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "राहू दे" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून लिहिते आहे. गाडीच्या एसीचा फिल्टर मागवून झालाय. दोन नग आहेत, शुक्रवारपर्यंत घरी येतील. रविवारी सकाळी ९ वाजता गॅरेजवाले काका येऊन एक बसवतील, दुसरा कपाटात ठेवायचा. त्यांचे पैसे दिलेत, परत देऊ नका.

बाबा, "१५ वर्षं नाही लागला, आता कायले?" हे तुम्ही म्हणणारच. गाडी विका असं मी म्हणत नाही. दिवाळीत बोलले ते बोलले, तो विषय संपला. तुम्ही आरसी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली, चंद्रपूर सोडायचं नाही हेही ठरवलंत; दोन्ही मान्य. पण मग ही ५ वर्षं घुगूसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमागून जाताना नाकात काय जातं, ते मला बघितलंच पाहिजे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या शहराचं नाव उगाच नाही आलं. २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून १५ धरली आहे. काचा लावल्या, एसी चालू केला की आतली हवा चांगली, असं आपण इतकी वर्षं समजत आलो. आपल्या गाडीचा एसी हवा थंड करतो, गाळत नाही. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं अडकतात. धूळ सरळ ब्लोअरमधून, म्हणजे एसीच्या पंख्यातून, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर आणि तिथून तुमच्या तोंडावर येते.

आई, तू गच्चीवर कुरड्या वाळत घालायचीस तेव्हा वरून जुनी सुती साडी अंथरायचीस, आणि संध्याकाळी ती साडी झटकली की काळं उडायचं. ते काळं आता बाबांच्या छातीत जायला नको, एवढंच मला हवंय.

आता कापण्याचं. बाबा, शांतपणे वाचा. डावीकडच्या कप्प्यामागे काळ्या प्लॅस्टिकची एसीची पेटी आहे. वरच्या मॉडेलमध्ये याच पेटीत फिल्टरची खाच उघडी असते आणि तिला झाकण असतं. आपल्या मॉडेलमध्ये खाच आहे, पण तोंड प्लॅस्टिकनेच बंद करून दिलंय. काकांनी कप्पा उतरवून फोटो पाठवला, त्यात चौकोनी रेघ स्वच्छ दिसते. कापायचं ते त्या रेघेच्या आतून, कडेला २-३ मिलिमीटर पट्टी ठेवून, म्हणजे झाकणाला बसायला जागा राहते. कप्पा परत लावला की काहीही दिसणार नाही. डॅशबोर्डला ओरखडासुद्धा येणार नाही, मी काकांना तीनदा बजावलंय.

तरी तुम्ही शेजारी उभे राहा, कारण तुमच्याइतकं बारीक लक्ष कुणाचंच नसतं. गाडी बंद, किल्ली तुमच्या खिशात. कापताना ब्लोअर चुकून चालू झाला तर प्लॅस्टिकचा चुरा आत उडेल आणि पुढे खडखड वाजत राहील. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. ओढाताण केली तर बिजागरीची कडी तुटते आणि ती सुटी मिळत नाही. कापायला करवतीचं बारीक पातं किंवा तापवलेलं कटरचं पातं घ्यायचं, ड्रिल नाही. आणि पातं ५ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही. मागे कूलिंग कॉइल आहे, तिच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्या कागदासारख्या पातळ असतात. नळीला भोक पडलं की सगळा गॅस गेला, आणि कॉइल बदलायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पातं कुठवर जाऊ द्यायचं तिथे चिकटपट्टी गुंडाळून खूण करायला सांगा. कापलेला तुकडा सुटायच्या आधी त्याला चिकटपट्टीचं हँडल लावायचं, नाहीतर तो आतच पडतो.

तोंड उघडलं की लगेच फिल्टर घालायचा नाही. १५ वर्षांची धूळ कॉइलवर बसलेली आहे. तिच्यावर पाणी सुटतं, धूळ ओली होते, बुरशी धरते. पहिल्या पावसात एसी लावल्यावर जो कुबट वास येतो तो हाच. आधी व्हॅक्यूमने पानं आणि चुरा काढायचा, मग कॉइलवर फेसाचा क्लीनर मारून १५-२० मिनिटं थांबायचं. तो वितळून गाडीखालच्या नळीतून काळं पाणी बाहेर यायला हवं. नाही आलं तर नळी तुंबली आहे, ती आधी मोकळी करायची. (आई, तुझ्या पायाखालचं मॅट मागे ओलं झालं होतं ना, ते बाटली सांडल्यामुळे नव्हतं.) मग कॉइल वाळू द्यायची. फिल्टर ओल्यात गेला तर पहिल्याच आठवड्यात वास मारेल.

फिल्टरच्या कडेवर बाण छापलाय. आपल्या गाडीत हवा ब्लोअरकडून कॉइलकडे जाते, म्हणून बाणाचं टोक कॉइलकडे, म्हणजे गिअरच्या बाजूला. फिल्टर खाचेत ढिला बसला तर चारही कडांना फोमची पातळ पट्टी लावा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण हवा नेहमी सोपी वाट धरते. कडेला ३ मिलिमीटर फट राहिली तर हवा तिथूनच जाईल आणि फिल्टर कोरा राहील. झाकण फोम आणि ॲल्युमिनियमच्या टेपने बसवायचं. काका एम-सील काढतील, लावू देऊ नका. फिल्टर पुन्हा काढायचा आहे. शेवटी ब्लोअर ४ वर ठेवून झाकणाच्या कडेने पेटलेली उदबत्ती फिरवा. धूर कुठे बाजूला फेकला गेला तर तिथे गळती आहे.

मी कार्बनचा थर असलेला घेतलाय, साधा नाही. साध्यात धूळ अडते, धुराचा वास अडत नाही. त्याहून दाट, हॉस्पिटलसारखा फिल्टरही मिळतो. तो मुद्दामच टाळला. आपला ब्लोअर जुना, दाट फिल्टरमधून त्याला हवा ढकलता येणार नाही. हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो, ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टरही गरम होऊन जळतो, मग पंखा फक्त ४ वरच चालतो. आपल्या फिल्टरनेही हवा थोडी कमी येईल. १ वर चालायचं ते आता २ वर चालवा. बाबा, "बिघडवली माझी गाडी" असं तेव्हा वाटेल, पण तो बिघाड नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांत आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा, लवकर गार होईल. मागच्या सीटवर आईला गार लागलं तर शाल डिकीत ठेवलेली आहेच, निळी.

ट्रकांमागे असताना आतली हवा फिरवायची खिटी लावा. आपल्या पेटीत ती हवाही फिल्टरमधूनच जाते, त्यामुळे प्रत्येक फेरीला आणखी स्वच्छ होते. पण दर १५-२० मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्यायचीच. नाहीतर आपल्याच श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालवणाऱ्याला पेंग येते.

फिल्टर मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बदलायचा. ४२० रुपयांना एक पडला, म्हणजे वर्षाचे ८४०. जास्त वाटतात हे ठाऊक आहे. सर्व्हिसिंगला कुणी "हवा मारून देतो" म्हणेल, आणि आई, तुला तो धुऊन वाळवावासा वाटेल. दोन्ही करायचं नाही. त्याचे धागे विजेच्या भाराने बारीक कण धरून ठेवतात, पाण्याने तो भार जातो आणि फिल्टर नुसता कागद उरतो. हवेच्या झोताने तर तो फाटतोच, दिसत मात्र नाही.

आणि याने सगळं होईल असं समजू नका. गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कोणताही असला फिल्टर अडवत नाही, म्हणून शटर लावलेलं असताना गाडी चालू ठेवून बाबांनी आत बसायचं नाही, "फक्त बॅटरीसाठी" म्हणूनसुद्धा नाही. श्वासाचा पंप डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, उन्हात तापून खराब होतो. तो आईच्या पर्समध्येच राहील. सकाळी गाडी पुसताना कोरडं फडकं नको, ओलं घ्या आणि नाकाला रुमाल बांधा. लहानपणी तुम्ही मला आरशाजवळचा कोपरा पुसायला द्यायचात आणि नंतर मी न बघता तोच परत पुसायचात. मला दिसायचं, बाबा.

शनिवारी रात्री कप्पा रिकामा करून ठेवा. विम्याचे कागद, आवळा सुपारीची डबी, माझा जुना चष्मा, सगळं एका पिशवीत. काकांना चहा द्या, बिनसाखरेचा. उदबत्तीचा धूर दाखवायला मला व्हिडिओ कॉल करा, मी ११ पर्यंत फोनजवळच आहे.

तुमची,
छोटी