ओळंबा ओढणारा डोंगर

पर्थ, स्कॉटलंड
मे महिन्याचा पहिला आठवडा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, रविवारी फोनवर तू "डोंगरात एकटीच कशाला कडमडायला जातेस" म्हणून विचारत होतीस आणि त्याच वेळी मागून बाबांचं चाललं होतं, "कुठला डोंगर? उंची किती?" दोघांना एकदम उत्तर द्यायला गेलं की फोनवर नुसता गोंधळ होतो. त्यात बाबांना कानातलं यंत्र लावायचा कंटाळा. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आईने मध्ये थांबवू नये.

डोंगराचं नाव शिहॅलियन. उंची १०८३ मीटर. बाबा, तुम्ही मिशीत हसणार हे मला इथून दिसतंय, कारण आपली कळसूबाई १६४६. अख्ख्या ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिससुद्धा १३४५ वर थांबतो. तुम्ही मोजणी खात्यात नगरकडच्या अकोल्याला असताना कळसूबाईला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला यायचात, तेव्हा या देशात मिळणार नाही एवढी उंची गाठून येत होतात. पण इथे उंचीवर जायचं नाही, अक्षांशावर जायचं. साडेछप्पन अंशांच्याही वर आहोत आम्ही. शनिवारी खाली गाडी लावली तेव्हा १४ अंश होते आणि मी अंगातलं जाकीट काढून पिशवीत कोंबलं. माथ्यावर तेच जाकीट, त्यावर वाऱ्याचं दुसरं, कानटोपी, हातमोजे, सगळं चढवूनही मी नाक पुसत होते. उत्तरेच्या घळीत अजून बर्फ आहे. वाटेत दहा मिनिटं गारा पडल्या, मग पुन्हा लख्ख ऊन.

तीन हजार फुटांच्या वरच्या इथल्या शिखरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये त्यांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि ती सगळी पुरी करायचा लोकांना नाद लागतो. मन्रोसाहेबांना स्वतःला मात्र आपली यादी पुरी करता आली नाही. मला काही तो नाद नाही. आवडलेल्या डोंगरावर मी पुन्हा पुन्हा जाते, याला इथले यादीवाले वेळेचा अपव्यय समजतात.

आता आईचं. एकटी नव्हते, मोती होता. शिवाय शनिवारी या वाटेवर इतकी माणसं असतात की "हॅलो, काय सुरेख दिवस आहे" म्हणून म्हणून तोंड दुखतं. निघण्याआधी डोंगरांसाठीचा वेगळा हवामान अंदाज असतो तो बघितला; वर वारा किती, ढग किती उंचीवर, हे सगळं त्यात येतं. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते शेजारच्या आजींना लिहून दिलं. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी, सगळं पिशवीत. बॅटरी कशाला असं विचारशील, कारण सध्या रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तरी असते. आणि खरंच पाय मोडला, तर इथे डोंगरातून माणसं सोडवून आणणारी पथकं आहेत. आपापली नोकरी-धंदा सांभाळून स्वेच्छेने येणारी माणसं, एक पैसा घेत नाहीत. तेव्हा काळजी कर, पण थोडी कमी कर.

पर्थपासून गाडीने सव्वा तास लागतो. ॲबरफेल्डी सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात, आणि आई, त्या फुलांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. काच खाली केली की तू सोलकढीसाठी खोबरं किसत बसली आहेस असं वाटतं. कॅलेंडरवरचे जांभळे डोंगर मात्र आत्ता नाहीत, ते हेदर नावाचं झुडूप ऑगस्टमध्ये फुलतं. आत्ता वरचा सगळा उतार तपकिरी, आणि खाली ओढ्याकाठी बर्चला नुकती पानं फुटलेली.

शेतांमध्ये कोकरं बागडताहेत. मेंढीच्या पाठीवर रंगाने आकडा काढलेला असतो आणि तिच्या पिल्लांवरही तोच आकडा, म्हणजे चुकामूक झाली तरी कोण कुणाचं ते कळतं. या दिवसांत कुत्रा मोकळा सोडायचा नाही. कोकरं असलेल्या शेतात तर न्यायचाच नाही. इथे २००३ च्या कायद्याने कुणाच्याही डोंगरावरून, माळावरून चालायचा हक्क सगळ्यांना दिलाय, मालकाची परवानगी लागत नाही. पण हा हक्क जबाबदारीने वागणाऱ्यालाच. कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला तर २०२१ पासून ४० हजार पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पौंड, बाबा, रुपये नव्हेत. मला हे पटतं. हक्कही पटतो आणि दंडही.

मोतीच्या बाबतीत गंमत अशी की तो जातीचा मेंढ्यांचा कुत्रा, बॉर्डर कॉली, आणि मेंढ्यांना घाबरतो. मेंढपाळाच्या काही कामाचा नाही म्हणून तर माझ्याकडे आला. फाटकापाशी एक म्हातारी मेंढी पाय आपटून उभी राहिली, तर हा शूरवीर माझ्या दोन पायांमध्ये येऊन बसला. तरी साखळी लावलेलीच होती, कारण मेंढ्यांचा प्रश्न नसला तरी पाखरांचा असतो. ती जमिनीवरच घरटी करतात. वाटेच्या कडेने अगदी पायाजवळून एक मेडो पिपिट भर्रकन उडाला. वाकून बघितलं तर गवताच्या बुंध्यात खुपसून बसवलेलं इवलंसं घरटं, आत तपकिरी ठिपक्यांची अंडी, एकमेकांना चिकटून. मोतीचं नाक तिथून हातभर लांब. साखळी ओढली आणि दोघं मुकाट पुढे गेलो. खालच्या झाडीतून कुकूचा आवाज येत होता, त्याचा डोळा नेमका याच घरट्यांवर असतो. आफ्रिकेतून एवढा प्रवास करून यायचं आणि पोरं दुसऱ्याच्या घरात ठेवायची! आपला कोकीळ कावळ्याच्या घरात करतो तोच उद्योग.

वाट चांगली बांधलेली आहे. जॉन म्यूर ट्रस्ट या संस्थेने १९९९ मध्ये डोंगराची पूर्वेकडची बाजू विकत घेतली, तेव्हा जुनी वाट पायांनी उकरून रुंद चिखल झाली होती. त्यांनी नवी वाट दगड बसवून, पाणी काढून देऊन तयार केली. जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर आणि साडेसातशे मीटरच्या आसपास चढ. पण वरचा शेवटचा भाग कुणी बांधू शकत नाही. तिथे सगळे नुसते फुटलेले पांढुरके दगड. क्वार्टझाइट, गारगोटीच्या कुळातलाच. पेटीएवढे, कपाटाएवढे, एकावर एक, काही डुलणारे. आता माथा आला म्हणावं तर पुढे आणखी एक उंचवटा. माझी चाल गोगलगायीची झाली आणि मोती मात्र कुठल्या दगडावर पाय टाकायचा ते आधी ठरवून टुणटुण चालला होता. मध्ये थांबवून त्याचे चारही पंजे उलटे करून बघितले. या दगडांच्या धारा कातरतात. एका बोटाजवळ जरा खरचटलं होतं, तेवढंच.

बाबा, आता तुमच्यासाठी. मी हाच डोंगर का निवडते ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

१७७४ च्या उन्हाळ्यात नेव्हिल मॅस्केलिन नावाचा राजखगोलशास्त्रज्ञ या डोंगरावर येऊन राहिला. त्याला पृथ्वी किती जड आहे ते काढायचं होतं, आणि हत्यार काय, तर ओळंबा, दोरीला टांगलेलं शिसं! ओळंबा सरळ खाली लोंबतो. पण शेजारी डोंगर असेल तर डोंगराचं वस्तुमान त्याला किंचित आपल्याकडे ओढणार. किती ओढतं ते मोजलं, आणि डोंगराचं आकारमान व दगडाची घनता काढली, की डोंगराच्या तुलनेत पृथ्वी किती भरीव आहे ते निघतं. शिहॅलियन निवडला कारण तो एकटा उभा आहे, पूर्व-पश्चिम लांब, आणि उत्तर-दक्षिण बाजू उभ्या उताराच्या. मॅस्केलिनने आधी दक्षिणेला आणि मग उत्तरेला तळ ठोकून तेच तारे डोक्यावरून जाताना मोजले. ताऱ्यांवरून निघणारं दोन ठिकाणांमधलं अंतर आणि जमिनीवर साखळीने मोजलेलं अंतर जुळेना. फरक निघाला ११.६ सेकंदांचा. वेळेचे नव्हेत, कोनाचे सेकंद, अंशाचा छत्तीसशेवा भाग तो. म्हणजे एका बाजूला सहाच्याही आत. मी हिशेब करून बघितला: एक मीटरच्या दोरीचा ओळंबा असेल तर त्याचं टोक मिलिमीटरच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं सरकेल. आणि हे सगळं महिनोन्‌महिने ढग आणि पावसात, तारा दिसायची वाट बघत. तुम्ही पावसाळ्यात थिओडोलाइटवर छत्री धरायला लावायचात त्या शिपायांची आठवण आली.

पुढचा आकड्यांचा ढिगारा चार्ल्स हटनने उपसला. न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, गणितात पुढे गेलेला. डोंगरावरच्या असंख्य बिंदूंच्या उंच्या त्याच्यासमोर पसरलेल्या. त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार एकदम डोळ्यांसमोर आला. समोच्च रेषा, बाबा! जमिनीचा उंचसखलपणा दाखवायला त्या वापरल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. तुम्ही जेवणाच्या टेबलावर टोपोशीट पसरून मला ज्या रेषा वाचायला शिकवल्या, आणि आई ज्यावर चहाचे कप ठेवायची, त्यांचं एक मूळ इथे आहे. हटनचं उत्तर आलं, पृथ्वी पाण्याच्या साडेचार पट घन. आज आपण साडेपाच पट मानतो. म्हणजे दगडापेक्षा पृथ्वी जड, अर्थात पोटात धातू असणार, हे दोरी आणि शिसं घेऊन कळलं.

आणि पुढची गोष्ट आपल्याकडची. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर असंच पाच सेकंदांच्या वर चुकत होतं. कोलकात्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला तर फरक जवळजवळ सोळा सेकंद यायला हवा होता. हिमालय आपल्या आकाराच्या मानाने फारच कमी ओढत होता. त्यातून डोंगरांच्या मुळाशी हलका खडक खोल गेलेला असतो, हा विचार पुढे आला. हे तुम्हाला कदाचित माहीत असेल. नसेल तर जोशीकाकांना ऐकवा, त्यांना नक्की माहीत नसेल.

माथ्यावर मी थालीपीठ आणि लसणाची चटणी काढली. शेजारच्या खडकाआड दोन टेरियर घेऊन बसलेले एक पिकले आजोबा वासाने वळून बघायला लागले. अर्धं थालीपीठ दिलं. चटणीचा ठसका लागला, डोळे पुसले आणि आणखी मागितली. त्यांनी त्या बदल्यात गोष्ट सांगितली: मॅस्केलिनचं काम संपलं त्या रात्री डोंगरावर जंगी मेजवानी झाली, झोपडीला आग लागली, आणि डंकन नावाच्या पोराचं फिडल त्यात जळून गेलं. मॅस्केलिनने पुढे त्याला नवीन व्हायोलिन पाठवलं म्हणे. खाली पश्चिमेला रॅनक तळं लांबच लांब चमकत होतं आणि त्यापलीकडे ग्लेनकोच्या बाजूचे पांढरे सुळके. मोतीने तेवढ्यात बर्फाचा एक तुकडा शोधून त्यात पाठ घासून घेतली, टेरियर त्याच्याकडे तुच्छतेने बघत होते.

घरी आल्यावर खरं काम. स्वयंपाकघरात दिव्याखाली मोतीला आडवं करून केसाकेसांत बोटं फिरवायची, गोचीड शोधायला. कानामागे एक, काखेत दोन, तिळाहून लहान. आई, आजोळी बैलांना रॉकेल लावायचे तसं इथे करायचं नाही. तेल-रॉकेल लावलं की ती पोटातलं उलटून परत कुत्र्याच्या अंगात सोडते म्हणतात. एक छोटा प्लॅस्टिकचा आकडा मिळतो, तो कातडीलगत सरकवायचा आणि हळूच पिळायचा. गोचीड पाय हलवत अख्खी बाहेर. मग माझेही घोटे, गुडघ्यामागचा भाग तपासते, कारण माणसालाही त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. हे सांगायला नको होतं, पण तू नंतर कुठेतरी वाचून रात्री फोन करशील.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर या. जून-जुलैची तिकिटं बघू नका; तेव्हा इथे मिज नावाची चिलटं असतात, उभं राहू देत नाहीत. बाबांच्या गुडघ्याचं निमित्त चालणार नाही, कारण मॅस्केलिनच्या कामाचं स्मारक गाडी लावतो तिथेच आहे, चढायचं नाही. डोंगर तिथून पुरा दिसतो. आईसाठी रॅनकच्या काठाने सपाट वाट आहे आणि बसायला बाकं आहेत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जानेवारीअखेर. फॉर्म मी इथून भरते. तुम्ही दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो काढून पाठवा, आणि आईच्या पासपोर्टची मुदत बघा. मला वाटतं संपत आली असेल, मग नूतनीकरण दिवाळीच्या आत करून घ्यावं लागेल.

येताना गोडा मसाला आणा. मोतीसाठी काही आणू नका, त्याला थालीपीठ चालतं.

तुमची,
मनू