सूचना : लघुपटासाठी कलाकार आणि प्रॉपर्टी (प्रसंगात लागणाऱ्या वस्तू)

सर्व सदस्यांसाठी,

पटकथा गटावर टाकली आहे. कलाकार सुचवण्याआधी ती पूर्ण वाचा. ‘माझा मित्र फार छान नकला करतो’ एवढ्यावर कोणाचंही नाव पक्कं होणार नाही. ऑडिशन मोबाइलच्या कॅमेऱ्यावरच घ्यायची, कारण रंगमंचावर शोभणारा आवाज आणि हातवारे क्लोजअपमध्ये भडक वाटतात. संवाद एकदा म्हणून घ्या, मग एखादी सूचना देऊन पुन्हा म्हणायला सांगा. सूचनेनुसार बदलणारा कलाकार आपल्याला हवा आहे. चित्रीकरणाच्या सगळ्या दिवशी तो मोकळा आहे ना, हे आधीच विचारा. आणि हो, मध्येच केस कापायचे नाहीत, दाढी काढायची नाही! आजोबांच्या भूमिकेला खरे आजोबाच शोधा. पावडर लावलेले पांढरे केस कॅमेऱ्यात लपत नाहीत.

प्रॉपर्टीची यादी प्रसंगवार करा. वस्तू शक्यतो घरातूनच, मालकाला विचारून आणा. कोणाची कोणती, ते वहीत लिहा. फुटणारी किंवा फाटणारी वस्तू असेल तर जादा नग लागतील, रीटेक होणारच. बारीक रेघांचे कपडे टाळा, पडद्यावर ते लहरतात. प्रत्येक शॉटनंतर टेबलाचा फोटो काढा, नाहीतर पेल्यातलं पाणी आपोआप वाढलेलं दिसेल. खेळण्यातलं पिस्तूल परवानगीशिवाय रस्त्यावर काढायचं नाही, लोक घाबरतात.

नावं आणि याद्या रविवारपर्यंत निर्मिती प्रमुखाकडे द्या.