गच्चीपासून न्हाणीपर्यंत

कराड,
11 जानेवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. हल्ली तुझ्याशिवाय मला हातानं लिहिलेलं कोणी काही पाठवत नाही, त्यामुळे पोस्टमनलासुद्धा तुझं अक्षर पाठ झालंय. फोनवर विचारता आलं असतं म्हणा, पण फोनवर आपण दोघं मुद्द्यावर येतो कधी? तू विचारलंयस, "जुना गिझर गळायला लागलाय, आता सोलर घेऊ, गॅसचा घेऊ, की पुन्हा तोच?" नशीबवान आहेस. मला हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी पडला तेव्हा ज्याला विचारलं तो विकणाराच निघाला.

आमचा पंचवीस लिटरचा गिझर बारा वर्षांचा होता. आमच्याकडे बोअरचं पाणी, तुला ठाऊक आहे, त्यात डाळ शिजत नाही. मेकॅनिकनं टाकी उघडली तर आत कॉइल दिसेचना. तिच्यावर पांढरी खरपुडी चढून ती अंगठ्याएवढी जाड झालेली. त्यानं पान्यानं दोन-चार टिचक्या मारल्या, तशी अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे खाली ठेवलेल्या घमेल्यात पडले. ओंजळभर. "काका, काटा कितीवर ठेवत होता?" त्यानं विचारलं. शेवटावर, अजून कुठं? जड पाणी जितकं जास्त तापवाल तितके त्यातले क्षार लवकर धरतात. आम्ही बारा वर्षं पाणी उकळतं करायचो आणि त्यात दुप्पट विसण, म्हणजे गार पाणी, ओतून आंघोळ करायचो.

बँकेतून सुटलो तरी खतावणी काही सुटलेली नाही. कॅलेंडरच्या चौकोनात शैला दुधाचं लिहिते, मी त्याच्या खाली मीटरचं रीडिंग लिहितो. तेव्हा बसून हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी, हे आपण शाळेत घोकलेलं. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी. चौघांच्या बादल्या मिळून 100 लिटर धर. थंडीत ते 20 अंशांवरून 45 वर न्यायचं तर 2500 किलोकॅलरी, म्हणजे तीन युनिटांना थोडं कमी. यात कुठल्याही कंपनीचा गिझर सूट देऊ शकत नाही.

मग ते पाच तारे कशाचे, असं तू विचारशील. मीही दुकानात विचारलं होतं, तर तो पोरगा म्हणाला, "काका, लेटेस्ट टेक्नॉलॉजी." कॉइल पाण्यात बुडालेलीच असते, तिची सगळी उष्णता पाण्यातच जाणार, मग गिझर एक तारेवाला असो की पाच. तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर दिवसभरात किती ऊब झिरपून जाते, तेवढंच ते तारे सांगतात. आमच्या घरी नेमकं तिथंच भोक होतं. आईला हात धुवायला केव्हाही कोमट पाणी लागतं, म्हणून सकाळी सहाला लागलेला गिझर रात्री दहाला बंद. दुपारी घर सामसूम असताना मोरीतून 'टक्' आवाज यायचा, लाल दिवा लागायचा, थोड्या वेळानं पुन्हा 'टक्'. कोणी आंघोळ करत नव्हतं, पाणी आपलं पुन्हापुन्हा तापत होतं.

आणि गंमत बघ. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून तुझ्या चिपळूणजवळच्या पोफळीला पडतं, त्याची वीज होते. 1960 मेगावॉटचा एवढा मोठा प्रकल्प, आणि मी इकडे कराडात त्याच नदीकाठी त्या विजेनं पाणी कोमट करत बसलोय. तेही परवडलं, पण आपल्या राज्याची बरीचशी वीज कोळशावरची. कोळसा जाळून उष्णता करायची, तिचा साधारण तिसरा हिस्साच वीज म्हणून हाती येतो, आणि त्या विजेची घरात पुन्हा उष्णता करायची. द्राविडी प्राणायाम दुसरा कोणता!

म्हणून सोलर घ्यायचं ठरवलं. दोनशे लिटरचं, नळ्यांचं. नळी पाहिली आहेस का कधी जवळून? थर्मासच असतो तो लांबुडका. काचेच्या दोन नळ्या एकात एक, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या नळीला काळपट लेप. भर उन्हात आत पाणी उकळत असतं आणि बाहेरून हात लावावा तर काच गार. खालच्या टोकाला चांदीसारखी चकाकी असते. ती चकाकी जाऊन टोक दुधासारखं पांढरं झालं की समजायचं, आत हवा शिरली, ती नळी गेली. मी रोज सकाळी गच्चीवर तुळशीला पाणी घालायला जातो तेव्हा वाकून टोकं बघतो. शैला म्हणते, सुनेचं तोंड बघितल्यासारखं बघता.

बसवलं दिवाळीच्या तोंडावर. बसवणारा पोरगा म्हणाला, टाकी पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवू, तिथं चढवायला सोपं. न्हाणी पश्चिमेला, मागच्या अंगाला. मी मान डोलावली. पाइप एक इंची टाकू, धार मोठी येईल, म्हणाला. त्यालाही मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासले, पण स्वतःच्या घरी एक टेप धरून माप घ्यायचं काही सुचलं नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे पाचला सगळे तेल लावून, उटण्याच्या वाट्या घेऊन तयार. पहिला मान आईचा. मी ऐटीत नळ सोडला. गार. अर्धी बादली होत आली तरी गारच. आई पाटावर कुडकुडत बसलेली. मग एकदम असं कढत आलं की माझाच हात भाजला. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "वसंता, बंब बरा होता."

दुसऱ्या दिवशी मी दुधाचं लिटरचं माप घेऊन मोजलं. गरम पाणी यायच्या आधी जवळजवळ आठ लिटर गार पाणी येत होतं. पाइप मोजला, अठरा मीटर. म्हणजे टाकीत पाणी गरमच होतं, तिचं काम ती चोख करत होती. पण रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी गारठायचं, आणि दर वेळी नळ सोडला की आधी ते बाहेर यायचं. बरं, आंघोळ उरकून नळ बंद केला की मागून आलेलं आठ लिटर कढत पाणी पुन्हा पाइपात अडकणार आणि गारठणार. सूर्यानं फुकट दिलेलं पाणी मी भिंतीला पाजत होतो. सुधाकर, पाणी तापवण्याच्या यंत्रावर सगळे बोलतात. ते तापलेलं पाणी अंगावर येईपर्यंत त्याचं काय होतं, हे मला एकानंही सांगितलं नाही. विकणाऱ्यानं तर नाहीच.

मग पाइप बदलला. एक इंचीच्या जागी पाऊण इंची, वर काळ्या फोमची नळी चढवली. आता साडेचार लिटर गार येतं. धार बारीक झाली, पण बादलीनं आंघोळ करणाऱ्याला धारेशी काय करायचंय? पण खरा तोडगा शैलानं काढला. आपल्या आयांनी जन्मभर आधी कढत पाणी घेतलं आणि मग त्यात विसण घातलं. हिनं क्रम फिरवला. नळ सोडायचा, पहिलं गार पाणी बादलीतच येऊ द्यायचं, तेच विसण. त्यावर कढत पाणी आलं की बादली बेताची होते. वर नातवंडांचे हात भाजायची भीती गेली. आणि आंघोळी एकापाठोपाठ एक, नंबर लावून. मध्ये कोणी पेपर वाचत बसला तर त्याला पुन्हा गार पाण्यापासून सुरुवात.

रीडिंग विचारशील म्हणून सांगतो. आधीच्या जानेवारीत आमची 236 युनिटं झाली होती, सोलरनंतरच्या जानेवारीत 128. ढगाळ दिवसासाठी टाकीत कॉइल आहे, तिचा खटका मात्र माझ्या खोलीत घेतलाय. कोणाला हवं असेल त्यानं येऊन मागायचं.

आता तुझ्याकडे येतो. एवढं सोलरपुराण ऐकवून मी तुला सोलर घे म्हणणार नाही.

चिपळूणचा विचार कर. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे आभाळ फाटलेलं असतं. त्यात सोलर नुसतं छपरावर भिजत बसणार. मेमध्ये ऊन धो धो, पण मेमध्ये चिपळुणात गरम पाण्यानं आंघोळ कोण करतं? आणि तुझं घर भरतं कधी? गणपतीत. पोरं, सुना, मुंबईचे पाहुणे मिळून दहा-बारा माणसं, आणि नेमकं तेव्हाच ऊन नाही. वर्षातले उरलेले दिवस तू आणि वहिनी. तुमच्या दोघांच्या आंघोळीला 50 लिटर पाणी 26 अंशांवरून 42 वर न्यायचं तर 800 किलोकॅलरी, एक युनिटसुद्धा नाही! त्यासाठी छपरावर एवढा खर्च कशाला? शिवाय तुमच्याकडची माकडं. नारळ सोडत नाहीत ती काचेच्या नळ्या सोडतील होय? पुढेमागे घ्यावंसं वाटलंच तर तांब्याच्या पत्र्याचं, जाड काचेच्या सपाट पेटीचं घे, नळ्यांचं नको.

तू वर्तमानपत्रातलं सरकारी अनुदानाचं कात्रणही पाठवलंयस. ते 78,000 रुपये वीज करणाऱ्या पॅनेलचे आहेत रे, सूर्यघर योजनेतले, तेही तीन किलोवॉटचं बसवलं तर. पाणी तापवणारं सोलर त्यात बसत नाही. नाव एकच, म्हणून सगळ्यांचा घोळ होतो.

हीट पंपाबद्दल तुझ्या जावयानं सांगितलं म्हणतोस. चीज चांगली आहे. फ्रिजच्या मागे हात लावलास तर ऊब लागते ना, तेच हे उलटं. हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकायची, एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता. कोकणातल्या दमट उबदार हवेत तर उत्तमच चालेल, पावसातही. पण तीन-चार बिऱ्हाडांचं घर असतं, नाहीतर तू पाहुण्यांच्या खोल्या काढणार असतास, तर मी स्वतः येऊन बसवून दिला असता. दोन म्हाताऱ्यांच्या दोन बादल्यांसाठी त्याची किंमत तुझ्या हयातीत वसूल होणार नाही. (रागावू नकोस, माझ्याही होणार नाही.)

गॅस गिझर न्हाणीत लावायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाक. बिलकूल नाही. गॅस जळताना न्हाणीतला प्राणवायू ओढतो, दार-खिडकी बंद असली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि कडी काढायला हात उठत नाही. दर थंडीत पेपरात एक तरी बातमी असते. लावायचाच तर मागल्या दारी उघड्यावर, पाइप आत. पण तू आळशी आहेस, तू तो आतच लावशील. म्हणून नकोच.

माझं ऐकशील तर पंधरा लिटरचा साधा गिझर न्हाणीतच, नळाच्या डोक्यावर बसव. पाइप हातभर. काटा 60 अंशांच्या वर नको. आंघोळीआधी वीस मिनिटं खटका चालू आणि अंगावर पाणी घ्यायच्या आधी बंद, म्हणजे तारे किती हा प्रश्नच उरत नाही. पंधरा लिटर कढत पाण्यात विसण घालून तीस-बत्तीस लिटर होतं, त्यात एकाची भागून उरेल. दुसऱ्यासाठी पुन्हा वीस मिनिटं.

आणि गणपतीसाठी तुझ्याकडे बंब आहे की! अण्णांचा, तांब्याचा, माळ्यावर पडलेला. आपण लहान असताना सुट्टीत मी तुमच्याकडे यायचो तेव्हा मागल्या पडवीत तो धुमसत असायचा, आणि कोण आधी नारळाची सोडणं आणून टाकतो यावर आपली मारामारी. आमच्याकडे वखारीतून बंबफोड विकत आणायला लागायची. तुमच्याकडे सोडणं आणि करवंट्या फुकट, वर जळायला एक नंबर. मधून धुराची नळी, भोवती पाणी, जाळ वर जाता जाता पाणी तापवतो. ज्यानं कोणी तो काढला त्याचं डोकं चांगलं होतं. वर्षाचे आठ-दहा दिवस उघड्या पडवीत पेटवायला काही हरकत नाही. रोज नको, धूर वहिनींच्या छातीत जाईल.

तरीही सोलरच घ्यायचं तुझ्या मनात असेल, तर एक काम कर. एक सुतळी घे, टाकी जिथं ठेवणार तिथून न्हाणीच्या नळापर्यंत पाइप जसा वळणं घेत जाईल तशी ती धर, आणि मोज. आकडा मला कळव. मगच पुढचं बोलू.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते, आमसुलं संपल्याचंही सांगते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता

ता.क. बंब खाली काढलास की आधी नुसतं पाणी भरून रात्रभर ठेव आणि खाली कोरडा कागद पसर. सकाळी कागद ओला दिसला तर मधल्या नळीच्या सांध्यातून गळतोय असं समज. तांबटाकडून झाळून घे, भंगारवाल्याला देऊ नको. तो तांब्याचा भाव देईल, तू लगेच हुरळून जाशील, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.