हवामान नियोजनात वस्त्यांनाही स्थान हवे

संपादक महोदय,

भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस कोसळला की पणजीत मांडवी नदीला मिळणाऱ्या सांतिनेज खाडीचे पाणी लवकर ओसरत नाही, आणि कामराभाटसारख्या वस्तीत ते कुठून शिरते व कोणत्या गटारात तुंबते, हे तेथील रहिवाशांइतके कोणालाच ठाऊक नसते. तरीही हवामान बदलाला तोंड देण्याचे आराखडे ठरताना त्यांना क्वचितच विचारले जाते, याची खंत वाटते. शहरी स्थानिक संस्थांविषयीच्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग पातळीवर काम पाहणाऱ्या प्रभाग समित्या ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक केल्या. गोव्यातील एकही शहर त्यात बसत नाही. म्हणून सरकारने ही अट न पाहता सखल प्रभागांत अशा समित्या नेमाव्यात आणि नालेसफाईची ठिकाणे वस्तीतील महिलांशी, त्या कामावरून परतल्यानंतर बैठक घेऊन, ठरवावीत.

– एक वाचक, पणजी