ट्रेलरवर कार लादून ओढण्यासाठी अयोग्य वाहन सुचविल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: लेखी गरज कळवूनही ट्रेलर ओढण्यास अपुरे वाहन विकल्याबाबत व ते बदलून मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या विक्री केंद्रातून आठ महिन्यांपूर्वी खरेदी केलेल्या डिझेल एसयूव्हीसंबंधी मी केलेली पहिली तक्रार आपल्या सेवा विभागाने ‘तपासणीत वाहनात कोणताही दोष आढळला नाही’ असे एका ओळीचे उत्तर देऊन बंद केली आहे. या ओळीशी मी सहमत आहे. वाहन नादुरुस्त असल्याची माझी तक्रार नव्हतीच. वाहन कोणत्या कामासाठी हवे आहे हे मी आकड्यांसह लेखी कळविले असताना ते काम न पेलणारे वाहन मला सुचविण्यात आले, ही माझी तक्रार होती आणि आजही आहे.

माझ्याकडे एक जुनी मोटार आहे. तिचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत, म्हणून लांबच्या प्रदर्शनांना ती चालवत नेण्याऐवजी मी ती दोन ॲक्सलच्या, ब्रेक असलेल्या ट्रेलरवर चढवून नेतो. खरेदीपूर्वीच्या ई-मेलमध्ये मी मोटारीचे वजन 1360 किलो, रिकाम्या ट्रेलरचे 680 किलो आणि पट्टे, विंच (मोटार ट्रेलरवर ओढून चढविण्याचे यंत्र) व जादा चाक यांचे सुमारे 60 किलो, असे एकूण 2100 किलो दिले होते. वाहनात आम्ही चौघे असू, सामान असेल आणि वाटेत लांब चढ-उतार लागतील, हेही त्यात लिहिले होते. ‘या वाहनाची ओढण्याची क्षमता 2500 किलो आहे, म्हणजे आपल्याकडे 400 किलो शिल्लक राहतात, निश्चिंत राहावे,’ असे उत्तर आपल्या सल्लागारांनी पाठविले. त्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

हा 2500 चा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. वाहनाच्या माहितीपट्टीवर वाहन आणि ट्रेलर यांचे मिळून कमाल अनुज्ञेय वजन 4200 किलो छापलेले आहे. त्यातून 2500 वजा केले की 1700 उरतात आणि चालकासह रिकाम्या वाहनाचे वजन नेमके तेवढेच आहे. म्हणजे 2500 किलो ओढायचे असतील तर चालकाने एकट्याने, डिकी रिकामी ठेवून प्रवास करावा लागेल. आम्ही चौघे आणि आमचे सामान यांसह हे वाहन वजनकाट्यावर 2160 किलो भरले, आणि ट्रेलरसाठी उरले 2040. माझा ट्रेलर 2100 किलोंचा आहे. सल्लागारांनी सांगितलेली 400 किलोंची शिल्लक प्रत्यक्षात 60 किलोंची तूट होती. ज्या वजाबाकीला अर्धा मिनिटही लागत नाही, ती करण्यासाठी लागणारे सगळे आकडे त्यांच्यासमोर होते.

तरीही एवढाच प्रश्न असता तर मी सामान कमी करून गप्प बसलो असतो. खरी अडचण हिचवर, म्हणजे वाहनामागच्या ट्रेलर जोडणीवर, वरून खाली पडणाऱ्या उभ्या भाराची आहे. ट्रेलर सरळ रेषेत मागून यावा यासाठी त्याच्या एकूण वजनाचा काही हिस्सा पुढे, वाहनाच्या टो-बॉलवर (हिचच्या गोळ्यावर) टेकलेला असावा लागतो. माझ्या ट्रेलरच्या निर्मात्याने हा हिस्सा 5 ते 7 टक्के ठेवण्यास सांगितले आहे. 2100 किलोंसाठी तो 105 ते 147 किलो होतो. आपण विकलेल्या वाहनाच्या टो-बॉलची मर्यादा मात्र 80 किलो आहे. आपल्या माहितीपत्रकात 2500 चा आकडा ठळक अक्षरांत आहे. 80 चा आकडा कोठेही नाही. तो मला वाहन ताब्यात घेतल्यावर मार्गदर्शिकेत सापडला, आणि मार्गदर्शिका खरेदीपूर्वी ग्राहकाच्या हाती पडत नाही.

पहिल्या प्रवासाआधी मी आपल्याच सेवा केंद्रात ट्रेलर जोडून तपासून घेतला. तेथे हिचवरचा भार 145 किलो भरला. ट्रेलरच्या दृष्टीने तो योग्य होता, पण वाहनाच्या दृष्टीने तो मर्यादेबाहेर होता. तंत्रज्ञांनी ट्रेलरवरची मोटार 20 सेंटिमीटर मागे सरकवून घेतली. कपलिंगपासून (ट्रेलरच्या टो-बॉलवर बसणाऱ्या टोकापासून) दोन ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर 4 मीटर असल्याने 1360 किलोंची मोटार तेवढी मागे गेली की पुढचा भार 68 किलोंनी घटतो. भार 77 वर आला, कागदावरची मर्यादा पाळली गेली आणि मला निघायला सांगण्यात आले. पण 77 किलो म्हणजे 2100 च्या 4 टक्क्यांहूनही कमी! वाहनाची अट पाळण्यासाठी ट्रेलरचे संतुलन बिघडविण्यात आले, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. ते लक्षात येणे हे माझे काम होते की आपल्या तंत्रज्ञांचे, याचे उत्तर आपण द्यावे.

त्याच दिवशी एका लांब उतारावर ताशी 75 ते 80 किलोमीटर वेग असताना शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोताने ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता आणि वाहनाचा मागचा भाग त्याच्याबरोबर ओढला जात होता. मी ॲक्सलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले आणि जोराचा ब्रेक लावण्याचा मोह टाळला. वेग उतरल्यावर ट्रेलर शांत झाला. मागच्या आसनावर माझी मुले होती. याहून अधिक वर्णन करण्याची माझी इच्छा नाही.

ट्रेलरचे डोलणे आपोआप रोखणारी यंत्रणा हे या वाहनाचे वैशिष्ट्य म्हणून मला सांगण्यात आले होते. ती त्या दिवशी का चालली नाही, याचा उलगडा नंतर झाला. आपल्या केंद्राने हिचसोबत 7 पिनचे साधे सॉकेट बसवून दिव्यांच्या तारा जोडल्या, परंतु वाहनाच्या संगणकात ट्रेलरची नोंदच केली नाही. मागे ट्रेलर आहे हे वाहनाला ठाऊकच नव्हते. रिव्हर्स घेताना मागचे सेन्सर अखंड किंचाळत असत, तेव्हा ‘ते बटणाने बंद करा’ असा सल्ला मला मिळाला होता. आता वाटते, त्या दिवशी केंद्रात खरे बोलणारे तेवढे सेन्सरच होते.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात लिहितो. चढावर वाहतूक कोंडीत पुन्हा पुन्हा थांबून निघावे लागल्याने ड्युअल क्लच (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स तापल्याची सूचना दोनदा आली आणि दोन्ही वेळा आम्हाला रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. ओढण्याची क्षमता ठरविताना 12 टक्के चढावर पूर्ण भारासह पाच मिनिटांत पाच वेळा निघता येते का, हे पाहिले जाते याची मला कल्पना आहे. परंतु ती चाचणी अनुज्ञेय वजनाच्या आत होते, आणि मुंगीच्या पावलांनी तासभर सरकणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय दर 1000 मीटर उंचीमागे एकत्रित वजन 10 टक्के कमी करावे, असे आपलीच मार्गदर्शिका सांगते. इंजिनाच्या अश्वशक्तीचे कौतुक मी विक्री केंद्रात पुष्कळ ऐकले, पण या ओळीचा उल्लेख कोणी केला नाही.

‘उभा भार योग्य ठेवून सावकाश चालवा’ असेही आपल्या सेवा विभागाने दूरध्वनीवर सुचविले. तसे करून पाहिले तर काय होते ते नमूद करतो. वाहनाचे 2160 किलो आणि हिचवरचे 145 किलो मिळून 2305 होतात. वाहनाचे स्वतःचे कमाल अनुज्ञेय वजन 2280 आहे. टो-बॉल मागच्या ॲक्सलच्या 1.1 मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर) 2.65 मीटर असल्याने तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर 205 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 60 किलो उचलले जातात. हे वाहन पुढच्या चाकांनी चालते, तेव्हा ओल्या चढावर त्या चाकांची पकड किती उरेल हे आपल्या अभियंत्यांना मी सांगण्याची गरज नाही. भार कमी ठेवला तर ट्रेलर डोलतो आणि योग्य ठेवला तर वाहनाच्या दोन मर्यादा ओलांडल्या जातात. या दोहोंच्या मधली कोणतीही जागा माझ्या कामासाठी उरत नाही.

या कामाला योग्य वाहन आपल्याकडे नव्हते असेही नाही. आपल्याच दालनात उभ्या असलेल्या मोठ्या पिकअपची टो-बॉलची मर्यादा 150 किलो, एकत्रित वजनाची मर्यादा 6000 किलो आणि व्हीलबेस 3 मीटरहून अधिक आहे. मी त्याबद्दल विचारले होते, तेव्हा ‘आपल्याला एवढ्या मोठ्या वाहनाची गरज नाही’ असे सांगण्यात आले. त्या पिकअपसाठी पाच महिन्यांची प्रतीक्षा होती आणि एसयूव्ही लगेच उपलब्ध होती. या दोन गोष्टींचा परस्पर संबंध असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, संशय मात्र आहे. पिकअपच हवी असा माझा हट्टही नाही. बैठ्या बांधणीची, पण वजनदार आणि लांब व्हीलबेसची वाहनेही हे काम उत्तम करतात. आकडे जुळले पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा माझी मागणी अशी की, हे वाहन परत घेऊन वर दिलेल्या वजनांना सर्व मर्यादांच्या आत पेलणारे वाहन मला द्यावे, किंवा खरेदीची पूर्ण रक्कम हिच व जोडणीच्या खर्चासह परत करावी. वाहन आठ महिने वापरल्याची रास्त वजावट मला मान्य आहे. तसेच 77 किलोंवर ट्रेलर रस्त्यावर सोडण्याचा निर्णय कोणत्या सूचनेनुसार घेतला गेला, याचा लेखी खुलासा मला हवा आहे. माहितीपत्रकात 2500 च्या शेजारी 80 आणि 4200 हे आकडे त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जातील का, हेही कळवावे.

वजनकाट्याच्या तिन्ही पावत्या, हिचवरील भाराच्या नोंदीचा सेवा केंद्राचा कागद आणि माहितीपट्टीचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तोपर्यंत या वाहनाला ट्रेलर जोडला जाणार नाही.

आपला,
(वाहनाचा नोंदणीकृत मालक)