तक्ता परदेशी, कंबर इथली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा लठ्ठपणावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण सोबतचा तक्ता आपल्या वाचकांसाठी नव्हताच. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो २५पर्यंत सामान्य, २५ ते ३० जास्त वजन, ३०च्या पुढे लठ्ठ, या रेषा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या माणसांच्या आकडेवारीवरून ठरल्या. भारतीयांसाठीच्या रेषा इथल्या तज्ज्ञांनी २००९ सालीच एकमताने ठरवल्या: २३ला जास्त वजन, २५ला लठ्ठपणा. हा फरक किरकोळ नाही. पाच फूट सात इंच उंचीच्या पुरुषाला तुमचा तक्ता ७२ किलोपर्यंत निर्धास्त ठेवतो. भारतीय मापाने त्याने ६६-६७ किलोलाच सावध व्हायला हवे. त्याला लठ्ठ म्हणायला तुमच्या तक्त्याला ८७ किलो लागतात. तोवर साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी तिन्ही घरात येऊन बसलेली असू शकतात.

असे का होते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका छायाचित्राच्या आधाराने दाखवले. चित्रात ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसतच नाही. त्यात आपल्याकडे त्वचेखाली चरबी साठवण्याची जागा लवकर भरते आणि उरलेली आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात जाते. पोटातल्या या चरबीतून सुटलेली मेदाम्ले (फॅटी ॲसिड) आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून थेट यकृतात उतरतात. मग यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. म्हणूनच रात्री नुसती भाजी-भाकरी खाल्लेल्या माणसाचीही सकाळची उपाशीपोटीची साखर ११० येते आणि घरातले त्याच्या ताटावर संशय घेतात.

लेखात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा दिलात, तोही अर्धाच. २०१९-२१च्या पाहणीत बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के निघाले, हे बरोबर. पण त्याच पाहणीत कंबर आणि नितंब यांच्या घेराचे प्रमाणही मोजले होते. ते धोक्याच्या पातळीवर असलेल्या स्त्रिया ५६.७ टक्के आणि पुरुष ४७.७ टक्के. निम्म्याहून अधिक बायका धोक्यात आहेत आणि छापला तो चौथाईचा आकडा. महापालिकेच्या २०२१च्या पाहणीत मुंबईतल्या ३४ टक्के प्रौढांना रक्तदाब आणि १८ टक्क्यांना मधुमेह आढळला. हे सगळेच लोक बीएमआय ३०च्या वरचे 'लठ्ठ' नाहीत.

आता ज्या एका ओळीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती ओळ: 'पुरुषांनी पँटचा नंबर ३६च्या आत ठेवावा.' हा सल्ला सरळ चुकीचा आहे. पोट सुटू लागले की पँट पोटावर बसत नाही, खाली सरकते. पट्टा पोटाखाली, कमरेच्या हाडावर येतो. पोट चार इंच वाढले तरी नंबर तोच राहतो. शिवाय तयार पँटवर छापलेला ३४ टेपने मोजला तर पुष्कळदा ३६च्या आसपास भरतो. आणि बायकांनी काय करायचे, यावर लेखात एक शब्द नाही.

मापाची रीत अशी आहे. काखेतून सरळ खाली येत शेवटची बरगडी बोटांनी चाचपा. मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण करा आणि टेप तिथून फिरवा. बेंबी ही खूण नव्हे, सुटलेल्या पोटात ती खाली उतरलेली असते. पाय जुळवून, हात सैल सोडून उभे राहायचे. टेप पुढेमागे एका पातळीत हवी, पाठीमागे घसरली की माप चुकते, म्हणून आरशात पाहा किंवा दुसऱ्याला धरायला सांगा. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून धरले तर ते माप फेकून द्या. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. शिलाईच्या डब्यातली जुनी टेप ताणलेली असते, ती एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, स्त्रियांना ८० म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हेही लक्षात ठेवायला सोपे. गरोदरपणात हे माप लावू नये.

साडीवरून मोजलेले माप निरुपयोगी असते. निऱ्यांचे थर काही सेंटिमीटर सहज वाढवतात, आणि परकराच्या नाडीच्या वळावर टेप बसली तर तेच माप कमी भरते. चाळीतल्या खोलीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात चार पुरुषांसमोर कोणती बाई पोटावरचा पदर बाजूला करील? आरोग्य तपासणीच्या शिबिराला एक पडदा आणि टेप धरायला एक बाई, एवढीच सोय लागते. ती नसते म्हणून फॉर्मवर कंबर अंदाजाने लिहिली जाते. आशा सेविका तीस वर्षांवरील माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात त्यात याच ८० आणि ९०च्या रेषांवरून गुण आहेत: स्त्रियांना ८१ ते ९०ला एक, पुढे दोन; पुरुषांना ९१ ते १००ला एक, पुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे. अंदाजाने लिहिलेल्या एका आकड्यापायी माणूस यादीतून सुटतो. सरकारी फॉर्म भारतीय माप वापरतो आणि वर्तमानपत्र परदेशी, हे वाचकाला गोंधळात टाकणारे आहे.

शिबिरांचा विषय निघाला म्हणून रक्तदाबाबद्दलही सांगतो. दंडाला गुंडाळायचा कफ बहुतेक ठिकाणी एकाच मापाचा असतो आणि जाड दंडाला तो लहान पडतो. लहान कफ रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो. अमेरिकेतल्या २०२३च्या एका चाचणीत मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तेव्हा वरचा आकडा सुमारे ५ने जास्त आला, आणि त्याहून मोठा लागणाऱ्यांना जवळजवळ २०ने. म्हणजे १२५ असलेल्याच्या हाती १४५ची चिठ्ठी. दंडाच्या मधोमध टेप लावून घेर पाहा आणि कफवर छापलेल्या मापाशी जुळवा, याला अर्धे मिनिट पुरते.

'वजन उतरले नाही तर चालणे फुकट' हे लेखातले वाक्यही मागे घ्या. भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. साखर सीमेवर असलेल्यांनी आहार आणि चालणे सांभाळले तेव्हा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, तोही वजनात फारशी घट नसताना. काटा हलत नाही म्हणून लोक महिन्याभरात चालणे सोडतात, तुमच्या वाक्याने आणखी सोडतील. तेलाबद्दल 'कमी खा' एवढेच म्हटलेत. दिवसाला माणशी २७ ग्रॅमच्या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवे, असे लिहिले असते तर वाण्याची यादी करताना उपयोग झाला असता. बाहेरचा वडापाव आणि फरसाण यांतले तेलही त्याच हिशेबात धरायचे.

आणि ते छायाचित्र! फुटपाथवरून चाललेल्या बाईचे पोट तेवढे छापले, डोके कापून. आजारावरच्या लेखात रुग्णाला असे दाखवत नाहीत. क्षयरोगावर लिहिताना तुम्ही हे केले नसते.

येत्या आठवड्यात त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती छापावी ही विनंती. तक्त्यात २३ आणि २५च्या रेषा, खाली स्त्री-पुरुषांच्या कमरेची मापे, आणि छायाचित्राच्या जागी एक रेखाचित्र: शेवटची बरगडी, कमरेचे हाड आणि मधली टेप.

कळावे,
एक वाचक, परळ, मुंबई